खिंडीच्या उतारासाठी दोन चाकं

४ फेब्रुवारी

आत्या,

आधी नमस्कार घे, मग हवं तेवढं रागाव. तुला कितीदा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तिचा फोन बिघडलाय." मागच्या वर्षीही बिघडलेलाच होता. शेवटी पाकीट आणि तिकीट आणून लिहायला बसले आहे. बघ, भाचीवर काय वेळ आणलीस.

मी सायकलवरून पडले हे बाबांनी सांगितलं असेलच. तलावामागच्या टेकडीवरून खाली येत होते, चांगल्या वेगात, आणि मागच्या चाकाची रिम धाडकन फाटली. ब्रेकचं रबर घासून घासून रिमची कड कागदासारखी पातळ झाली होती. दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या भिंगांच्या कडा मोजणाऱ्या मला ते दिसलं नाही! गळ्याजवळचं हाड मोडलं, ते आता जुळलंय.

जुळलं नाही ते दुसरंच. आत्या, मला उतार उतरता येत नाही. चढ कितीही असू दे, चढते. उतार आला की हात ब्रेकवर आवळले जातात, आणि मी खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागते. मागून येणारे लोक विचारतात, पंक्चर झालीय का? मी हो म्हणते.

आमचा सायकलवाल्यांचा कंपू मे महिन्यात खिंड पार करणार आहे. पलीकडचा उतार एवढा लांब आहे की म्हणतात, संपता संपत नाही. मी नाव दिलंय. त्या दिवशी तो उतार सायकलवर बसून उतरले तर ठीक, नाहीतर सायकल विकून टाकणार. हे मी ठरवलंय आणि तुलाच सांगतेय, कारण बाबांना सांगितलं तर ते आजच गिऱ्हाईक शोधतील.

तर चाकं घ्यायची आहेत. दोन्ही, कारण पुढची रिमही झिजली आहे. चांगली म्हणतात ती चाकं माझ्या सायकलीपेक्षा महाग आहेत. स्वस्तातली बघितली की डोळ्यांसमोर ती फाटलेली रिम येते. तुझं आयुष्य पियानोच्या ताणलेल्या तारांमध्ये गेलं. ताणलेल्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा, ते सांग.

तुझी
भिंगरी


१२ फेब्रुवारी

अगं भिंगरी,

फोनचं सोड. फोनवर माणूस विचार करायच्या आधी बोलतो, पत्रात निदान पेनचं टोपण काढेपर्यंत तरी थांबतो. शिवाय तुझं अक्षर अजून तसंच गचाळ आहे हे कळलं, तेवढाच जीवाला आनंद.

हाडाचं माहीत होतं. उताराचं नव्हतं. तुझ्या बाबांनी हाड सांगितलं आणि पुढचं गिळलं. लहानपणी तुला एका जागी बसवायला मला दोरी लागायची, म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं. ती भिंगरी उतारावर सायकल हातात धरून चालते, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

मला सायकलीतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून काल आमच्या टपालवाल्या बाईंना दारात अडवलं. त्यांना भिंतीला हात टेकून सायकलवर बसायला लावलं आणि मी खाली फरशीवर फतकल मारली. त्या वरून काय काय बोलत होत्या, माझं लक्ष नव्हतं. चाकातली एकेक तार मी बोटाने ओढून बघितली, त्या बसायच्या आधी आणि बसल्यानंतर. तुम्ही स्पोक म्हणा, मी तारच म्हणणार.

मला वाटलं होतं, माणूस बसलं की सगळ्या तारांवर ताण येत असेल. कसलं काय! वरच्या आणि बाजूच्या तारांना कुणी बसल्याचा पत्ताही नाही. अगदी खालच्या, जमिनीजवळच्या दोन-चार तारा तेवढ्या जराशा सैल होतात. चाक फिरलं की त्या वर जाऊन परत घट्ट होतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या सैल होतात. म्हणजे त्या धिप्पाड बाई, टपालाच्या थैल्यांसकट, दोन-चार तारांच्या जरासं सैल होण्यावर उभ्या! आणि त्या तारांना सैल होता येतं, कारण आधीपासून सगळ्याजणी एकमेकींना घट्ट ओढून बसलेल्या आहेत.

भिंगरी, मी आ वासून बघत राहिले. पियानोच्या तारांची ओढ सोसायला लोखंडाची केवढी चौकट लागते, चार माणसांनाही ती हलत नाही. आणि इथे बोटभर रुंदीची एक कडी आणि तिच्यात विणकामाच्या सुईहून बारीक तारा. त्यावर माणसं डोंगर ओलांडतात. इतकी वर्षं माझ्या दारासमोरून ही गोष्ट रोज जात होती आणि मी एकदाही वाकून बघितलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्वस्त घे, त्यात लाज कसली. पण दुकानात एवढंच विचार: यातली एक तार तुटली तर तशीच तार उद्या मिळेल का? ज्या वाद्याची तार गावात मिळत नाही ते वाद्य मी कुणाला घेऊ दिलं नाही.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि बाहेर येऊन दारातल्या सगळ्या सायकलींच्या तारा ओढून बघितल्या. रखवालदाराला वाटलं मी हवा सोडतेय. चांगलीच हजेरी घेतली त्याने माझी.

चाकांची हकीकत अशी. आमच्या कंपूत एक दंतवैद्य आहे. त्याच्याकडे कार्बनची जुनी चाकं पडून आहेत, मला स्वस्तात देतो म्हणाला. उचलून बघितली, पिसासारखी हलकी! फिरवली तर असा आवाज येतो की आपण आधीच जिंकलोय असं वाटतं. माझं मन लगेच पाघळलं. मग मी विचारलं, "तुम्ही स्वतः का वापरत नाही?" तेव्हा तोंडातल्या तोंडात म्हणाला, लांब उतारावर सारखा ब्रेक लावला की जुनी कार्बनची रिम तापते, आणि फार तापली तर काही सांगता येत नाही. म्हणजे सपाटीवर मिरवायला उत्तम. हात जोडून परत दिली.

दुसरी, दुकानातली तयार चाकं. किंमत मला झेपणारी, दिसायला देखणी, तारा मोजक्याच. तुझा प्रश्न विचारला. दुकानातले काका म्हणाले, "यांच्या तारा वेगळ्या असतात, मागवाव्या लागतात. कधी येतात, कधी येत नाहीत." आणि तारा मोजक्या असल्यामुळे एक तुटली तरी चाक एवढं वाकडं फिरतं, 'आउट येतो' म्हणतात, की ते ब्रेकला घासून अडतं. खिंडीच्या मध्यावर अडलं तर मी काय करू? चालू?

मग काकांनी माझं मोडकं चाक हातात घेतलं, मधला हब बोटांवर फिरवला आणि म्हणाले, "हा अजून दहा वर्षं जाईल. रिम गेली म्हणून सगळं चाक कशाला टाकायचं?" हब जुनेच ठेवायचे, साध्या अॅल्युमिनियमच्या नव्या रिमा घ्यायच्या, भरपूर तारांच्या, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात तसल्या साध्या तारा, आणि चाकं हाताने बांधून घ्यायची. वजनाला थोडी जड, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची. मला तिथल्या तिथे पटलं.

आता घोडं कुठे अडलंय ते ऐक. चाकं बांधणारा त्यांचा कारागीर एकच, आणि त्याच्या हाती जूनपर्यंत काम आहे. आमची खिंड १४ मेला. पुन्हा त्या तयार चाकांकडे वळावं लागणार, दुसरं काही सुचत नाही.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

भिंगरी,

तयार चाकं घेऊ नकोस. हब, रिमा, तारा, सगळं एका खोक्यात घालून माझ्याकडे पाठव. मी बांधते.

हसू नकोस. जन्मभर मी दुसरं केलं काय? तार लावायची, पिळायची, शेजारणीशी जुळवायची. संगीतशाळेची नोकरी सोडल्यापासून माझे हात रिकामे आहेत आणि रिकामे हात मला खायला उठतात. जिने चढवत नाहीत म्हणून शाळा सोडली. चाकाला जिने नसतात.

तुझ्या काकांकडून तारा कशा ओवायच्या त्याचं चित्र काढून घे आणि ती नट फिरवायची बारकी चावी तेवढी पाठव. घाई नको करू, पण उशीरही नको.

आत्या


५ मार्च

आत्या,

खोकं आज टाकलं. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा किंचित आखूड आहेत, त्यांना लाल दोरा बांधलाय, मिसळू नकोस. चित्र काकांनीच काढलंय. ते म्हणाले, हे समजलं नाही तर तुमचा दोष नाही, माझं चित्रच तसं आहे.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तिला कशाला त्रास? दुसरं कुणी नाही का?" मी म्हटलं, तुमची बहीण तुमच्यापेक्षा धडधाकट आहे. त्यावर चष्मा पुसत बसले. त्यांना तुझं वय दिसतं, बाकी काही दिसत नाही.

मला मात्र फार बरं वाटलं. आता उतार आला की मी चालते, पण चालताना वाटतं, होईल काहीतरी.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

चाकं झाली. या पत्रासोबतच खोकं निघालंय.

पुढचं आधी केलं. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, मधल्या फटीत चाक अडकवलं आणि एका पाठीला पेन्सिल बांधली, रिमच्या अगदी जवळ. रिम वाकडी फिरली की पेन्सिलीला टेकते, तिथली तार बघायची. जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही, मी ओट्यापाशी उभ्याने जेवते.

तारा ओवून झाल्यावर जे काही हातात आलं ते बघून मला रडू यायचं बाकी होतं. लुळंपांगळं, डगमगणारं, धरलं तर वाकणारं कडबोळं. म्हटलं, यावर माझी भाची डोंगर उतरणार? मग एकेका नटाला अर्धा फेरा, सगळीकडून सारखा. पुन्हा अर्धा. पुन्हा. हाताला काही वेगळं लागत नव्हतं, लागत नव्हतं, आणि एका फेऱ्यात अचानक ते ताठ झालं! दोन्ही हातांनी दाबलं, हललं नाही. गुडघ्याखाली घेऊन दाबलं, ढिम्म. मघाशी जे कडबोळं होतं त्यातच तेवढ्याच तारा, तेवढंच लोखंड, वरून काही घातलं नाही. तरी ते चाक झालं. मी कितीतरी वेळ नुसती त्याला धरून उभी होते. इतक्या वयात मला कुणी देव दाखवला नाही, पण त्या वेळी काहीतरी बघितलं खास.

मागच्या चाकाने छळलं. त्यातल्या काही तारा उगाचच सैल लागत होत्या. मी हट्टाला पेटले. पियानोत एका सुराला तीन तारा असतात, तिन्ही अगदी एकजीव लागल्या पाहिजेत, नाहीतर सूर थरथरतो. तशाच या सगळ्या लावल्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या. एकही मागे नाही, एकही पुढे नाही. पुढचं चाक चांगलं झालंय, पण मागचं म्हणजे माझ्या हातचं सगळ्यात सुरेख काम आहे.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

कसं सांगू कळत नाही. पुढचं चाक बसवलं आणि फिरवलं तर ते फिरतंय की थांबलंय तेच कळेना, इतकं सरळ. मागचं बसवलं तर ते डाव्या ब्रेकला जाऊन चिकटलं. आउट कुठेच नाही, पण अख्खी रिमच मधोमध नाही, डावीकडे सरकलेली.

काकांकडे नेलं. त्यांनी चाक कानाशी धरलं आणि एकेक तार छेडत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून. मग आतल्या खोलीतून ताण मोजायचं यंत्र आणून प्रत्येक तार मोजली. आणि खाली बसले. म्हणाले, "मी इतकी वर्षं दुकान चालवतोय. मशीनवर बांधलेल्या चाकातसुद्धा असा सारखा ताण बघितला नाही. पण मागच्या चाकात असं करायचंच नसतं हो! हे कुणी बांधलं?" मी म्हटलं, माझ्या आत्याने. तर ते म्हणाले, "बाईंचा कान काय असेल!"

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. चूक झाली त्याचं काही नाही, काका म्हणाले तासाभराचं काम आहे, मीच करून देतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पण आज दुसरंच बोलायचंय. तुझा एवढा कान, आणि त्या कानाला माझा फोन ऐकू येत नाही? बाबांच्या निवृत्तीच्या जेवणाला तू कोपऱ्यात बसून होतीस. मी तुझ्या मागे उभी राहून दोनदा हाक मारली. तू मान वळवली नाहीस. मी पियानो सोडून सायकल धरली म्हणून तुझ्या मनात राग आहे, असं मला तेव्हापासून वाटतंय. राग असेल तर सरळ सांग. चाकं बांधून देतेस आणि बोलत नाहीस, याचा मी काय अर्थ लावू?

भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरी,

राग नाही. मी ऐकत नाही, कारण मला ऐकू येत नाही.

कोपऱ्यात बसले होते तेव्हाही येत नव्हतं. तू हाक मारलीस हे मला तुझ्या पत्रातून आज कळलं. सगळी जेवत होती, हसत होती, मला नुसती तोंडं हललेली दिसत होती. चुकीच्या जागी हसू नये म्हणून मी कोपरा धरला.

सुरुवात वरच्या सुरांपासून झाली. शाळेतला मोठा पियानो लावत होते, उजव्या टोकाच्या पट्टीवर आले, दाबली तर आवाज नाही. वाटलं आतली हातोडी तुटली. झाकण उघडून बघितलं तर हातोडी तारेवर बरोबर आपटत होती. पुन्हा दाबली. हातोडी आपटतेय, तार थरथरतेय हे डोळ्यांना दिसतंय, आणि खोलीत चिडीचूप.  मी झाकण लावलं, शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, झाला लावून. पुढच्या महिन्यात जिन्यांचं कारण सांगून नोकरी सोडली. मग एकेक करून खालचे सूरही गेले. डॉक्टर म्हणाले परत येणार नाहीत. कानाला यंत्र लावून बघितलं, नुसता कल्लोळ होतो. तुझ्या बाबांना शपथ घातली होती. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्याने फोन बिघडवला.

तुलाच सांगायचं नव्हतं, कारण तू मला 'आत्याचा कान' म्हणून ओळखायचीस. तुझ्या काकांनी ती तारीफ केली आणि तू ती मला आनंदाने लिहून कळवलीस, ते वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं.

आता खरं ऐक. तारा मी कानाने जुळवल्या नाहीत. लाकडी चमच्याचा दांडा दातांत धरायचा, दुसरं टोक रिमला टेकवायचं, तार छेडायची. मग ती जबड्यात, गालाच्या हाडात जाणवते. ऐकू येत नाही, पण एकीपेक्षा दुसरी वेगळी हे बरोबर कळतं. तोंडातून लाळ गळते, कुणी बघितलं तर वेड लागलंय म्हणेल. पण भिंगरी, पहिल्यांदा तसं केलं तेव्हा त्या तारेने माझ्या कपाळापर्यंत येऊन दार ठोठावलं. मला वाटत होतं सूर मला सोडून गेले. ते फक्त दुसऱ्या वाटेने येत होते. मी चमचा तोंडात घेऊन रडले.

आणि चूकही माझीच. तारा सारख्याच हव्यात हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की रिम कुठे सरकतेय ते मी बघितलंच नाही.

तेव्हा आता तू ठरव. बहिऱ्या बाईने चमचा चावून बांधलेल्या चाकांवर खिंड उतरायची की नाही. यात जिवाचा प्रश्न आहे, माझ्या मनाचा नाही. काकांकडून मोडून पुन्हा बांधून घे, नाहीतर सरळ तयार चाकं घे. माझी दया येऊन काहीही करू नकोस, मी रुसणार नाही.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

पत्र वाचून आधी बाबांवर ओरडले. मग ते रडले, मग मी रडले, मग आम्ही दोघांनी चहा केला आणि घरातल्या सगळ्या वस्तूंना चमचा लावून बघितला. फ्रिज जबड्यात घुमतो, हे तुला माहीत होतं का?

मी तुझ्याबद्दल काय काय समजले होते. मला माफ कर. तू एकटी टेबलाशी बसून, दातांत दांडा धरून, एकेका तारेची वाट बघतेयस, हे डोळ्यांसमोर आलं की माझ्या अंगावर काटा येतो. जिला काही ऐकू येत नाही तिने असं चाक जुळवलं की ते बघून दुकानदार खाली बसला! मला हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

दया वगैरे अजिबात नाही. भिंगांच्या कारखान्यातली बाई आहे मी, मोजल्याशिवाय काही घेत नाही. काकांना सरळ विचारलं, "हे पुढचं चाक लावून तुम्ही खिंड उतराल?" म्हणाले, "माझ्या स्वतःच्या चाकाच्या आधी हे लावीन." मागचं ते दुरुस्त करणार होते, मी नको म्हटलं. ते तुझ्याकडेच परत पाठवतेय. बांधायचं तर तूच.

का चुकलं तेही विचारून घेतलं. मागच्या हबला उजवीकडे गिअरचा गठ्ठा बसतो. त्याला जागा द्यायला उजवीकडच्या तारा जवळजवळ सरळ उभ्या राहतात आणि डावीकडच्या तिरक्या. तिरकी तार रिमला बाजूला जास्त ओढते. म्हणून उजव्या चांगल्याच घट्ट हव्यात आणि डाव्या त्यांच्या मानाने सैल, तेव्हा कुठे रिम मधे येते. उजव्या आपापसात सारख्या, डाव्या आपापसात सारख्या, पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. काकांनी पुठ्ठ्याचं माप कापून दिलंय, दोन्ही बाजूंनी लावून बघ.

खोटं कशाला सांगू, भीती गेलेली नाही. काल पुलाच्या छोट्या उतारावरसुद्धा पाय खाली टेकले. नव्या चाकांनी भीती जाईल असं वाटलं होतं, ती तिथेच बसून आहे. तरी मी जाणार आहे.

भिंगरी


४ मे

भिंगरी,

पाठवलं. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी तंतोतंत बसतो. रिम मधोमध आली तेव्हा मी खुर्च्यांच्या मधे एकटीच टाळ्या वाजवल्या.

डावीकडच्या तारा सैल सोडताना जिवावर आलं. माझे हात ऐकेनात, पुन्हा पुन्हा घट्ट करायला धावत होते. मग लक्षात आलं की त्या सैल आहेत म्हणून कमी नाहीत. त्यांच्या जागी तेवढीच ओढ बरोबर आहे. 

१४ तारखेला माझ्याकडून काही काम होणार नाही. उतरवलं नाही तर चालत ये, पण धड ये. सायकल विकायचं आपण नंतर बघू.

आत्या


१६ मे

आत्या,

धड आहे. आधी तेवढं वाच आणि मग पाणी पी.

खिंडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा ढग पायाखाली होते. खरंच पायाखाली. वर लख्ख ऊन, आणि रस्ता पांढऱ्या कापसात शिरून नाहीसा होत होता. कंपूतली सगळी आरडाओरडा करत एकेक करून त्यात उडी मारल्यासारखी गेली. दंतवैद्य शेवटी थांबला, म्हणाला, मी बरोबर येतो. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मला कुणी बघायला नको होतं.

एकटी उभी राहिले.  उतरून चालायला लागले असते तर कुणाला कळलंही नसतं. मग मी ब्रेक सोडला. मी काही ठरवून सोडला नाही, हातांनीच सोडला.

पहिल्या वळणाला मी मोठ्याने ओरडत होते. दुसऱ्या वळणाला ढगात शिरले. पुढे दहा पावलांवरचं दिसेना, चेहरा ओला, पापण्या ओल्या, आणि चहूकडे असं शांत की मला तुझी आठवण आली. वाटलं, आत्या असंच ऐकत असेल. वाऱ्याचासुद्धा आवाज जाणवेना, फक्त हँडलमधून मनगटात काहीतरी बारीक थरथरत येत होतं. रस्ता मला हाताने कळत होता. ओली वाळू कुठे, खडी कुठे, गुळगुळीत कुठे, सगळं.

आणि मग ढग संपला. आत्या, मी काय सांगू! सगळी दरी एकदम उघडली. तळाशी नदी, नदीवर ऊन, आणि रस्ता एका डोंगरावरून दुसऱ्यावर दुमडत दुमडत पार खालपर्यंत दिसत होता. मी तोंडाने "आई गं" म्हटलं, आणि पुढे काही म्हणायला सुचलंच नाही. एवढं मोठं काही माझ्यासाठी मांडून ठेवलंय आणि मी त्याला घाबरून चालत जाणार होते. वळणं येत होती, मी वाकत होते, सायकल वाकत होती. किती वेळ गेला माहीत नाही. मी रडत होते की वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही माहीत नाही.

खाली पूल आला, सगळी तिथे थांबली होती. मी उतरले आणि रिमला हात लावला. गरम होती, चहाच्या कपासारखी. तेव्हा मला आठवलं की मला चाकं आहेत. ढगातून बाहेर आल्यापासून मला त्यांची आठवण एकदाही झाली नव्हती. फाटलेली रिम नाही, तार नाही, काही नाही. मी रस्त्याच्या कडेला मातीत बसले आणि हसत सुटले. दंतवैद्य घाबरून धावत आला, त्याला वाटलं पडले.

सायकल विकायचं संपलं. आता पुढचं. बाबांना सगळं माहीत आहे, मलाही माहीत आहे, तेव्हा तू कोपरा शोधायचं काही कारण उरलं नाही. बोलायचं कसं ते आपण दोघी शोधून काढू. कागद आहे, हात आहेत, आणि माझं तोंड तर तुला लांबूनही वाचता येईल, एवढं मोठं आहे.

शनिवारी पहाटे निघते, सायकलवरूनच. वाटेत दोन टेकड्या आहेत, त्यांचे उतारही आहेत, बघून घेईन. संध्याकाळपर्यंत पोचेन. बेल वाजवून उपयोग नाही, दार नुसतं लोटून ठेव.

तुझी
भिंगरी